काकांचा पेंढा आणि फुग्यांचा कागद

माझे काका चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात खोकी भरायचे. सत्तावीस वर्षं. तळाला चार बोटं पेंढा, मग एकेक कप पेंढ्यात गुंडाळून आडवा, कपाच्या पोटातही पेंढा, वरून गुडघ्याने एक दाब. मग खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून जरा कुठे किणकिण आली की पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे घरात पेंढा नाही अशी जागा नव्हती. अंथरुणात, खिशात, आणि देवाला हात जोडले की बाहीतून दोन काड्या देवापुढे पडायच्या. काकू म्हणायची, "दुकानात भारे उचलतात आणि घरी इकडची काडी तिकडे करत नाहीत. देवाला तेवढं तरी मिळतं." डोक्यातही पेंढाच भरलाय, हेही ती त्यांच्यासमोरच म्हणायची. काका मान डोलवायचे.

मी त्याच दुकानात काउंटरला बसायचे, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

गिऱ्हाइकांची तक्रार होती की पेंढ्याने घरभर कचरा होतो, शिंका येतात. शेवटी मालकांनी तो हवेचे बारीक फुगे असलेला प्लास्टिकचा कागद आणला. सहा हात कागद गोदामात ठेवला आणि काकांना म्हणाले, शनिवारी दोन खोकी जिन्यावरून सोडू, एक तुमचं, एक माझं. माझं टिकलं तर पहिल्या तारखेपासून तुम्ही घरी आराम करा. काकांना अठ्ठावन्नावं लागलं होतं, दुसरं काम येत नव्हतं. आणि दिवसभर काकूचं ऐकत बसणं म्हणजे आराम नव्हे, हे मालकांनाही ठाऊक होतं.

काका रोज जेवण झालं की त्या कागदापाशी जाऊन बसायचे. मला वाटलं, बिचारे वैऱ्याला जवळून बघतायत.

शनिवारी मालकांनी आपल्या हाताने बारा कप घाईघाईत त्या कागदात गुंडाळले. जिना चौदा पायऱ्यांचा. काकांचं खोकं धपधप करत खाली आलं आणि मुकाट्याने बसलं. मालकांचं मात्र प्रत्येक पायरीला बोंबलत आलं. उघडलं तर नऊ कपांचे तुकडे.

मी मनात देवाला हात जोडले. तेवढ्यात काका पुढे झाले.

"मालक, हा निकाल खरा नाही. फुगे मी फोडलेत. एक दाबला की हात दुसऱ्यावर जायचा."

त्यांच्या तोंडात तिथल्या तिथे पेंढा कोंबावा असं मला वाटलं.

मालकांनी कागद जमिनीवर पसरला. एकही फुगा धड नव्हता.

"किती फोडलेत?"

"दोनेक हात असेल."

"आणि उरलेला चार हात?"

मी बिलबुकात डोकं घातलं. माझा अंगठा दोन दिवस ठणकत होता, देवाशी खोटं कशाला बोलू. पण तरी चार हात माझ्या एकटीच्याने होणार नव्हते. वर पाहिलं तर मालकांनी आपला अंगठा मुठीत दडवला होता.

मग ते म्हणाले, "पेंढा निदान कुणी फोडत तरी बसत नाही."

काका राहिले. फुग्यांचा नवा कागद मालकांच्या केबिनमध्ये कुलपात असतो. दुपारी दार लावलं की आतून टप, टप ऐकू येतं. काका कानाशी धरलेलं खोकं खाली ठेवतात आणि ते थांबायची वाट बघतात.