सहा मणांवर अडलेली आई

माझी आई सहा मणांवर अडली होती. हे वाक्य मी आजवर अनेक बैठकांत टाकलं आहे आणि दर वेळी लोक हसले आहेत. मी हसू देतो. मग वखारीचा प्रवेश साभिनय करून दाखवतो, शेटचा आवाज काढतो, पारड्यात बसलेली आई करून दाखवतो, आणि तेवढ्यात कुणीतरी चहा मागवतं. पुढचं सांगायची वेळ माझ्यावर येत नाही. आज कागदापुढे बसलो आहे, इथे चहा येत नाही.

आम्ही ठाण्याला राहत होतो, तळ्याच्या जवळ, दोन खोल्यांत. माणसं तीनच. वडील, म्हणजे अण्णा, गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. आई. आणि मी, बावीस वर्षांचा, कोलशेतकडच्या एका कारखान्यात कारकून आणि गणपतीतल्या नाटकांत विनोदी नोकर. रेशनचे दिवस होते. तांदूळ मोजून येई आणि मोजून शिजे.

आईला बेंबीपाशी अंतर्गळ होता. आधी लिंबाएवढा दिसायचा, मग मोसंब्याएवढा झाला. खोकला आला की ती दोन्ही हातांनी तो दाबून धरी आणि आम्हाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करी. शेवटी तिला इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर फटकळ होते.

"आतडं यात अडकलं आणि पीळ बसला तर काही तासांचा खेळ आहे," ते अण्णांना म्हणाले. "कापायला हवं. पण एवढ्या चरबीत माझे टाके धरणार नाहीत आणि बाईंना गुंगी सोसणार नाही. तीसेक पौंड उतरवा, मग आणा."

आता वजन करायचं कुठे, हा प्रश्न. दर आठवड्याला इस्पितळाच्या रांगेत उभं राहणं आईच्याने होणार नव्हतं. स्टेशनवर नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं, पण भर फलाटावर गावादेखत त्यावर चढायला तिने साफ नकार दिला. राहिली आमच्या गल्लीच्या टोकाची लाकडांची वखार. तिथे आढ्याला टांगलेला मोठा काटा होता, साखळ्यांना दोन लाकडी पारडी, आणि शेजारी लोखंडी मणाची वजनं. मुंबईचा मण अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे अठ्ठावीस पौंडांचा. डॉक्टरांचे तीसेक पौंड म्हणजे आमच्या हिशेबी सरळ एक मण.

रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आम्ही तिघं गेलो. वखारीचा शेट कच्छचा, पण जन्म ठाण्यात काढलेला.

"बसा माई," तो म्हणाला. "लाजायचं नाही. इथे रोज लाकूड बसतं."

"आधी मी बसते, शेट," आई म्हणाली. "लाकडं मागाहून यायचीच आहेत माझ्याबरोबर."

शेटने जीभ चावली. आई पारड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि पुढे पाऊल टाकीना. तेव्हा अण्णांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि स्वतःच पारड्यात जाऊन मांडी घातली. बरोबर पाच मण. ते उतरले, मग आई बसली. साडेसहा.

"मास्तरपेक्षा दीड मण जास्ती," शेट म्हणाला. "म्हणजे घरात राज कोणाचा, ते समजलं."

आई हसली. पारडं हललं, शेटने साखळी धरली.

दुसऱ्या दिवसापासून आईचा भात बंद, बटाटा बंद, तूप बंद, गूळ बंद. दोन्ही वेळा एकेक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि पाणीदार ताक. संध्याकाळी तळ्याला तीन फेऱ्या. फेऱ्यांना अण्णाही येत, पण बरोबरीने नाही. दहा पावलं पुढे अण्णा, मागे आई, दोघांच्या मध्ये इकडून तिकडे मी. कळव्याहून येणारी एक भाजीवाली तिथे टोपली घेऊन बसायची. ती रोज ओरडायची, "मास्तर पलतंय गो मावशे, धर त्याला." आणि आई रोज म्हणायची, "पळून जाईल कुठे, जेवायला घरीच येणार."

दहा आठवड्यांत अर्धा मण उतरला. मी घरात नाचलो. डॉक्टरांचं निम्मं काम झालं होतं.

आणि मग आई अडली. एक रविवार गेला, सहा मण. दुसरा गेला, सहा मण. शेट सहा वजनं एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात आई बसायची, आणि काटा असा सरळ उभा राहायचा की जणू दोन्हीकडे सख्ख्या बहिणी बसल्या आहेत. असे सात रविवार. भाकरी तीच, फेऱ्या तीनच्या पाच झाल्या, गाठ मोसंब्यावरून नारळाकडे निघाली, आणि सहा मण जागचे हलेनात.

मी घरातला फौजदार झालो. दाण्याचा डबा मोजला. गुळाच्या ढेपेला दोरा बांधून गाठीची खूण लक्षात ठेवली. आई सगळं पाहत होती. "पिठात बोटाने रेघसुद्धा मारून ठेव," ती म्हणाली. मी खरंच मारली. कुठलीच खूण मोडली नाही. तेव्हा मी ठरवलं की काटा खोटा आहे.

आठव्या रविवारी मी शेटला तसं तोंडावर म्हटलं. त्याचा चेहरा पडला.

"बापाच्या वेळचा काटा आहे. उभं ठाणं याच्यावर भात शिजवतं. बसवा कोणाला पण, बघून घ्या."

मी अण्णांना बसवलं. त्यांचे पाच मण मला ठाऊक होते. काट्याने साडेचार दाखवले.

"पाहा," मी नाटकातल्या वकिलासारखा शेटकडे वळलो. "चांगला अर्धा मण खातो तुमचा काटा."

अण्णा पारड्यातून उतरले, कोट घातला आणि म्हणाले, "चला, उशीर होतो." शेटने फडक्याने पारडं पुसलं.

त्याच आठवड्यात आईला इस्पितळात नेलं. तिथल्या काट्यावर एकशे अडुसष्ट पौंड भरले. म्हणजे बरोबर सहा मण. म्हणजे शेटचा काटा खरा होता. म्हणजे अण्णांचे साडेचारही खरेच होते. पण गणिताच्या मास्तरांच्या मुलाला ही तिसरी पायरी सुचली नाही. आणि डॉक्टरांनी तेवढ्यात आईकडे बोट केलं.

"बाई, तुम्ही चोरून खाता."

"नाही," आई म्हणाली.

"सगळ्या नाहीच म्हणतात. दोन भाकऱ्यांवर इतकं वजन टिकत नाही."

परत येताना ती तळ्यापाशी थांबून मला म्हणाली, "चोरून खायला आपल्या घरात आहे तरी काय, सांग." तिला शेजारीपाजारी साक्षीला बोलवायचे, अशी तिची ख्याती. भांडणात बायका म्हणत, त्यांना विचारा, त्या खोटं बोलायच्या नाहीत.

दोनच दिवसांनी दुपारी तिला कळ आली. गाठ दगडासारखी झाली, उलट्या झाल्या. दोन तास ती पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि अण्णा उशाशी नुसते बसून होते. मग गाठ आपोआप आत गेली. आई उठून चूल पेटवायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की आपली आई मरू शकते, आणि ती फक्त अर्ध्या मणासाठी मरेल.

मी रजा काढून घरी राहिलो. म्हणूनच मी दुपारचं जेवण पाहिलं. एरवी मी डबा घेऊन सकाळीच जात असे. रात्री आणि रविवारी मी आधीच जेवून बाहेर पडे, ती दोघं जेवत तेव्हा घरात नसे.

अण्णा जेवून उठले. आमच्याकडे जुनी रीत होती, पुष्कळ घरांत होती. नवरा जेवून उठला की त्याच ताटात बायकोने बसायचं, आणि नवऱ्याने तिच्यासाठी ताटात घास-दोन घास ठेवायचे. न ठेवणारा नवरा कोरडा समजला जाई. मी बाहेरच्या खोलीतून पाहिलं, तर अण्णांच्या ताटात घास-दोन घास नव्हते. निम्म्याहून जास्त भात होता, न चिवडलेला, वर वरण, वरणावर तूप. बटाट्याच्या काचऱ्या एका बाजूला ओळीने. त्यांनी स्वतः काय खाल्लं होतं, असा प्रश्न पडावा असं ते ताट होतं. आई त्या ताटावर बसली, ते सगळं शांतपणे जेवली, मग त्यातच आपली एक भाकरी वाढून घेतली आणि तीही खाल्ली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाता. तिने खरं उत्तर दिलं होतं. आपण वाढून घेतो ते खाणं. नवऱ्याच्या ताटातलं उरलेलं हे तिच्या लेखी खाणं नव्हतंच. ते ताट होतं.

संध्याकाळी तळ्यावर मी अण्णांना गाठलं. आई दहा पावलं मागे होती म्हणून आवाज खाली ठेवला.

"अण्णा, तुम्ही ताटात किती ठेवता?"

ते चालत राहिले. "रीत आहे."

"इतकं ठेवायची?"

"पूर्वी घास-दोन घासच ठेवत होतो," ते म्हणाले. "डॉक्टरांनी तिचा भात तोडला. ती भाकरीचे तुकडे पाण्याबरोबर गिळायची. बघवेना. म्हणून जरा वाढवलं."

"म्हणून तुमचा अर्धा मण गेला."

"मला पुरतं."

"तिचं ऑपरेशन होणार नाही अशाने."

फेरी संपता संपता ते म्हणाले, "तिला सांगायचं कसं? आजवर त्याबद्दल कधी बोललो नाही आम्ही."

इथे माझ्यातला नट जागा झाला. मी म्हणालो, "सांगूच नका. ताट चाटूनपुसून उठा. तिला वाटेल, भूक वाढली." मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ताट स्वच्छ केलं. आई त्या ताटासमोर थोडा वेळ उभी राहिली, मग बसली. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "आमटी खारट होते का रे हल्ली?" मी नाही म्हटलं. मग तिने अण्णांना जास्त वाढायला सुरुवात केली. डावावर डाव. तिला वाटे, आता तरी उरेल. अण्णा घामाघूम होऊन सगळं संपवत, पाट धरून उठत आणि बाहेर येऊन पोटावर हात ठेवून बसत. आठवडाभर त्या दोघांचं हे मुकं युद्ध चाललं आणि प्रेक्षक म्हणून मला, खोटं कशाला बोलू, मजा आली. मग तिने जास्त वाढणं सोडलं. रिकाम्या ताटात, कडेला मिठाचे चार कण आणि लिंबाची साल, तिथे ती भाकरी घेऊन बसायला लागली.

सहा मण हलले. आधी दोन रत्तल, मग चार. शेटने माझं बोलणं विसरून दर रविवारी मोठ्याने आकडा सांगायला सुरुवात केली. एका रविवारी भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, "डॉक्टरांनी मला चोर म्हटलं, ते ह्यांनी मनावर घेतलं का रे?"

"काहीतरीच काय," मी म्हणालो.

"मग माझी किळस आली असेल. गाठ बघून."

तिथे सांगता आलं असतं. पण काटा खाली येत होता, आणि मी चालत्या नाटकात शिरायला तयार नव्हतो. म्हणालो, "ऑपरेशन होऊ दे, सगळं नीट होईल."

दोन महिन्यांनी शेटने सहावं वजन उचललं आणि जागी अर्ध्या मणाचं ठेवलं. साडेपाच. शेटने आईसाठी पेढा आणला होता. तिला चालत नाही हे आठवून त्याने तो स्वतःच खाल्ला. मी टाळ्या वाजवल्या. आई पारड्यातून उतरली, पदर सारखा केला आणि अण्णांकडे न बघता घराकडे चालायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी ती घरी आली. डॉक्टर म्हणाले, आता थोडा भात चालेल. पुढे काही दिवसांनी ती स्वयंपाकाला उभी राहिली, त्या दुपारी अण्णांनी ताटात ठेवलं. जास्त नाही. मूठभर वरणभात, हाताने सारखा केलेला, शेजारी लोणच्याची फोड. हात धुऊन ते बाहेर आले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पान उलटलं नाही.

आईने ताट पाहिलं. फळीवरून दुसरं ताट काढलं. अण्णांनी ठेवलेला भात वाटीत काढून गाईसाठी बाहेर नेऊन ठेवला, आणि आपल्या ताटात वाढून घेऊन जेवायला बसली.

तेव्हा मी आत जाऊन सगळं सांगितलं. अण्णांचं वाढलेलं ठेवणं, तळ्यावरचं बोलणं, माझी युक्ती. ती जेवत राहिली.

"मला सांगायचंत," ती म्हणाली. "मीच त्यांना म्हटलं असतं, ठेवू नका. मग रिकाम्या ताटातसुद्धा सुखाने जेवले असते."

"पण आता कळलं ना तुला?"

"कळलं." तिने भाताचा घास कालवला. "दोन महिने रोज ते ताट बघून आपलं काय काय चुकलं ते शोधत होते. शोधलं की सापडतं रे. ते आता कुठे ठेवू?"

अण्णांनी आणखी दोन दिवस ठेवून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा ताट स्वच्छ करून उठू लागले.

आई पुढे अठरा वर्षं जगली. टाके उसवले नाहीत, वजन चढलं नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं. बायको कल्याणच्या एका कडक घरातली. आल्यानंतर आठवड्याभराने कौतुकाने मला म्हणाली, "किती सुधारलेले आहेत हो तुमचे आईवडील. सासूबाई मामंजींच्या ताटात बसत नाहीत, वेगळं ताट घेतात."

मी म्हटलं, "हो, आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे."