अंगठ्याशेजारची सही

माझ्या पणजीला लिहायला कुणी शिकवलं? मला माहीत नाही, आणि सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. उज्जैनला निघाले तेव्हा तर मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी मोठ्या उत्साहाने आमची वंशावळ करायला घेतली होती. पणजोबांशेजारची चौकट रिकामी. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आम्ही तिला मोठी आईच म्हणायचो." उज्जैनच्या तीर्थपुरोहितांकडे येणाऱ्या कुटुंबांच्या जुन्या नोंदी असतात असं कळलं, आणि आईला घेऊन भुसावळहून गाडीत बसले.

सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खाल्ली. (जिलेबी पोह्यांबरोबरच खायची, नंतर नाही.) मग रिक्षाने भैरवगढला, सिद्धवटाच्या घाटावर. भाडं बसण्याआधी ठरवा. आणि अमावास्या टाळा, श्राद्धांच्या गर्दीत गुरुजींना मान वर करायला वेळ नसतो.

आमच्या गुरुजींनी लांबोळक्या पोथ्यांचं गाठोडं सोडलं. "गाँव?"

"भुसावळ," म्हणत मी रंगीत छापून आणलेली वंशावळ ऐटीत पुढे सरकवली.

तासभर पानं उलटली. काही नाही. ती चौकट आता कायमची रिकामी राहणार, या विचाराने माझा चेहरा पडला.

गुरुजी हसले. "बेटा, भुसावळ तो स्टेशन है. बाप-दादे रेल में थोड़ी पैदा हुए? मूळ गाव बोला."

"पदवीधर आहे हो ती, तिला नका असलं अवघड विचारू," आई म्हणाली. "सांगवी. यावलजवळची."

दुसऱ्या गाठोड्यात सापडलं. पणजोबा वडिलांचं श्राद्ध करायला आले होते. नोंद गुरुजींच्या आजोबांच्या हातची. खाली पणजोबांच्या अंगठ्याचा निळा ठसा, आणि शेजारी, ओळ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरांत: भागीरथी.

"औरतों के नाम तब कम ही लिखते थे," गुरुजी म्हणाले. "इन्होंने तो खुद लिख दिया."

मी ती अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. आई म्हणाली, "गेला तुझा पहिला नंबर!"

आलेल्याने आपलीही नोंद करून जायची, असा इथला रिवाज. गुरुजींनी बाबांचं आणि भावाचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आईने ते उचललं. सातवी शिकलेल्या माझ्या आईने एका सहीला पाच मिनिटं लावली. "वाकडी आली तर पणत्या हसतील." मग मी केली, तिच्या खाली.

परतताना आईने भैरवगढच्या छापाची चादर घेतली. गुरुजींना विचारून काढलेला सहीचा फोटो मी घरी येताच मोठा करून भिंतीवर लावला. वंशावळीतली चौकटही भरली. तरी एक गोष्ट डोळ्यांना खुपत होती. माझ्या पदवीदानाच्या फोटोखाली बाबांनी हौसेने सोनेरी पट्टी चिकटवली आहे: 'आपल्या घरातली पहिली शिकलेली'.

काढू का विचारलं, तर बाबा म्हणाले, "राहू दे गं, पाहुणे वाचतात."

वाचू देत. काल मी ती पट्टी अलगद सोलून काढली आणि भागीरथीच्या सहीखाली चिकटवली.