तिसावा रोजा

इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या त्या गल्लीत सुग्राआपांच्या घराला अजून कुणी घर म्हणत नाही, 'जुनी शाळा' म्हणतात. गिरण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. भरूचहून आलेले बाप वयात आलेल्या मुलींना मुलांच्या शाळेत पाठवायला तयार नसत आणि मुली घरात बसून राहत. आपांनी पुढच्या खोलीतला सोफा परसात काढला, तो पावसात कुजला, आणि खोलीत सतरंजी टाकून मुलींना बसवलं. आधी कुराण, मग गणित, इंग्रजी. आपांचे नवरे सुलेमानभाई गिरणीतल्या रात्रपाळीहून आले की स्वयंपाकघरात खुर्चीवरच डोळा लावत. वर जायचा जिना मुलींच्या बुटांनी भरलेला असे.

पुढे दोन गल्ल्यांपलीकडचं बंद पडलेलं चर्च समाजाने विकत घेतलं. शाळा तिकडे गेली, गणवेश आला, सरकारी तपासनीस येऊ लागले. आपांकडे एकच गोष्ट उरली. ईदच्या सकाळी शाळेच्या मुली रांगेने 'जुन्या शाळेत' यायच्या आणि आपांच्या हातची दूधसेव, दुधात शिजवलेल्या गोड शेवया, खायच्या. सुलेमानभाई गेले, मुलगा कॅनडाचा झाला. आपा वर्ष काढायच्या ते त्या एका सकाळच्या भरवशावर.

यंदा एकोणतिसावा रोजा सुटला आणि मुनीराचा फोन आला. मुनीरा आता शाळेची मुख्याध्यापिका. पहिल्या सतरंजीवरची सगळ्यात रडकी पोर.

"आपा, चंद्र झाला. उद्या ईद."

"कुणी पाहिला? इथे सूर्य दिसला तरी नशीब."

"सौदीत दिसला."

"आपली मशीद मोरोक्कोहून आलेला निरोपच मानते. तुझे सुलेमानचाचा जन्मभर मशिदीत त्या फोनपाशी बसले."

"मशिदीची ईद परवाच आहे, आपा. पण शाळेत आता सगळीकडच्या मुली आहेत. ट्रस्टने उद्याची सुट्टी दिलीय. मी आणते ना मुलींना."

"माझा रोजा, आणि मी ईदची सेव वाढू? परवा आण."

"परवा परीक्षा आहे."

"मग राहू दे," आपा म्हणाल्या आणि फोन ठेवला. ठेवल्याबरोबर जीभ चावली. पण अडून बसलेल्या माणसाने परत फोन कसा करावा?

दुसऱ्या दिवशी आपा रोजा धरून जाळीच्या पडद्याआड बसल्या. मनात येई, सोडावा का? रमजानचा रोजा मोडणं पाप, ईदला रोजा धरणंही पाप. आज नेमकं काय आहे ते अल्लाच जाणे. दुपारी नव्या कपड्यांतल्या मुली गल्लीतून गेल्या. एकीने घंटीकडे हात नेला. दुसरीने तो ओढला. "नको गं, आपांचा रोजा आहे. बाईंनी सांगितलंय."

संध्याकाळी आपांनी एकटीने खजूर तोंडात टाकला.

ईदच्या सकाळी दूध मोठ्या पातेल्यातच उकळलं. छोट्याकडे हातच जाईना. वाट्या मांडल्या. शाळेची घंटा वाजली, परीक्षा सुरू झाली. दुधावर साय धरली.

मधल्या सुट्टीत मुनीरा एकटीच धापा टाकत आली. उभ्याउभ्या वाटीभर खाल्ली.

"साखर कमी पडली, आपा."

"कुणाला विचारू, पुरे का म्हणून? चाखायला घरात कोण आहे?"

मुनीराने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "पातेलं शाळेत नेऊ? जेवणाच्या सुट्टीत वाढीन."

आपा पातेल्याकडे बघत राहिल्या. जिन्यातले बूट गेले, सतरंजी गेली, आता हेही तिकडेच. "ने," त्या म्हणाल्या. "साखर घाल वरून."

"रिकामं पातेलं ड्रायव्हरबरोबर पाठवते."

"ड्रायव्हर कशाला? दोघींना पातेल्याचे दोन कान धरून आणू दे. मुली काय मेणाच्या आहेत?"

मुनीरा गेली. पातेलं जाण्याआधी भरून घेतलेल्या दोन वाट्या आपांनी तेवढ्या मांडलेल्या ठेवल्या, बाकीच्या आत नेल्या. दाराची कडी काढून ठेवली आणि पुढच्या खोलीत येऊन बसल्या. गल्लीत कुणी नव्हतं. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.