शेळीला चालतं, सशाला नाही

"थांब दत्तू! एक थेंबही पाजायचा नाही."

मी शेडच्या दारातूनच ओरडलो. दत्तूच्या एका हातात सशाचं पिल्लू होतं, दुसऱ्या हातात सुई काढलेली सिरिंज. सिरिंजमध्ये लहान मुलांचं गुलाबी औषध, अमॉक्सिसिलिन. करडांना खोकला झाला की दत्तू हेच पाजायचा आणि करडं बरी व्हायची.

"काहून, डॉक्टरसाहेब? शेळीले चालते त सश्याले काहून नाही चालत?"

"नाही म्हणजे नाही."

एवढंच बोललो. त्या बंजारा तांड्यात पुढे जी गोष्ट पसरली ती इथूनच सुरू झाली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

मी घाटंजी तालुक्यात पशुवैद्यकीय अधिकारी होतो. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्या तांड्यातल्या बायकांच्या बचत गटानं ससेपालन सुरू केलं होतं. गटाच्या अध्यक्ष कमलाबाई. तांड्यात सगळे त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई. दत्तू त्यांचा धाकटा दीर, शेळ्यांत जन्म गेलेला माणूस. गटातल्या बाकीच्या बायकांना शेळ्याच हव्या होत्या. ससे घ्यायचा हट्ट याडीचा. आता पहिल्याच खेपेची पिल्लं शिंकत होती, आणि ही खेप गेली तर तांड्यात याडीचा शब्द पुन्हा कोणी मानला नसता.

मी एक पिल्लू हातात घेतलं. नाकातून घट्ट शेंबूड. पुढचे पाय आतल्या बाजूनं चिकट झालेले. ससा नाक पंजानं पुसतो, त्यामुळे छातीचा आजार आधी पंजावर दिसतो. थंडी म्हणून शेड चारी बाजूंनी ताडपत्रीनं बंद केलेली. खाली साचलेल्या मुताचा वास इतका उग्र, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

"आधी ताडपत्री वर करा," मी म्हणालो.

"थंडीनं मरतीन ना जी ते," याडी म्हणाल्या.

"थंडीनं नाही, या वासानं मरतील. वारा अंगावर येऊ देऊ नका, पण वरून हवा खेळू द्या. आणि खालचं सगळं आजच काढा."

बायका कामाला लागल्या. मी जिल्ह्याच्या आमच्या साहेबांना फोन लावला.

"सर, सशांसाठी सल्फा-ट्रायमेथोप्रिमचं पातळ औषध हवंय. आपल्या स्टॉकला नाही."

"स्टॉकला काय आहे?"

"पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली."

"मग ती वापरा ना! ससेच आहेत, वाघ नाहीत."

"सर, वाघाला चाललं असतं. सशाला नाही चालत."

"बघा बुवा. काही झालं तर जबाबदारी तुमची."

"माझीच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता औषध निवडण्याचा हिशोब सांगतो. तो त्या दिवशी तिथे सांगायला हवा होता.

सशाच्या पोटात एक मोठी पिशवी असते. तिच्यात चांगले जंतू राहतात आणि चारा तेच पचवतात. पेनिसिलिनच्या कुळातलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं की हे चांगले जंतू मरतात. त्यांची जागा वाईट जंतू घेतात आणि विष तयार करतात. नाक सुकतं, पण ससा हगवणीनं जातो. एन्रोफ्लॉक्सासिन हे सशासाठी चांगलं औषध, पण पिल्लांची हाडं वाढत असतात आणि त्याचा सांध्यांना धोका असतो. शिवाय त्याचं इंजेक्शन एवढ्याशा मांडीत दिलं तर तिथलं मांस सडू शकतं. टेट्रासायक्लिन पाण्यात टाकून देतात, पण आजारी पिल्लू पाणी किती प्यायलं हे कोण मोजणार? उरलं सल्फा-ट्रायमेथोप्रिम. तोंडावाटे देता येतं, पोटाला सोसतं, फक्त पाणी भरपूर पाजावं लागतं. हाताशी मिळण्यासारख्या औषधांत पिल्लांसाठी मला तेच बरं वाटलं.

ते लहान मुलांच्या औषधांतही मिळतं. पण गावच्या मेडिकलमध्ये संपलेलं होतं. यवतमाळच्या दुकानदाराला फोन करून तिथून येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे पाठवायला सांगितलं. बस संध्याकाळी आली. तोवर तीन पिल्लं गेली.

"बॅगीत औषध असून तुमी वाट पाहून राह्यले," दत्तू सगळ्यांसमोर म्हणाला. "याच्यापरीस आपली बकरीच बरी, बापा. तिले डॉक्टर लागत नाही."

याडी माझ्याकडे न पाहता मेलेली पिल्लं टोपलीत भरत होत्या. ते मला जास्त लागलं.

किराणा दुकानातला तराजू आणून आम्ही एकेक पिल्लू तोललं. वजनाप्रमाणे मात्रा काढली. याडीनं पिल्लू पदरात गुंडाळून धरायचं, मी गालाच्या फटीतून थेंब थेंब सोडायचे. एकदम ढकललं तर औषध फुफ्फुसात जातं. बरोबर सुकलेला चारा आणि लसूणघास, कारण सशाचं पोट रिकामं राहता कामा नये.

दत्तूच्या घरीही सशांची एक जोडी होती, तीही शिंकत होती; तिला त्यानं मला हात लावू दिला नाही. "माया सश्यायले मी पाजतो," म्हणाला.

"कर तुझ्या मनाचं," मी म्हणालो. "पण मरतील, एवढं ध्यानात ठेव."

दोन दिवसांत दत्तूच्या जोडीची नाकं कोरडी झाली. माझी पिल्लं अजून शिंकतच होती. दत्तू जोडी काखेत घेऊन तांडाभर फिरला. "पाहा याडी, कोण डॉक्टर हाय ते!" गटातली एक बाई तर त्याच्याकडे गुलाबी औषध मागायलाही गेली. याडीनं तिला अडवलं. "डॉक्टरसाहेबाचं औषध पुरं होऊ दे. मंग तुले जे पाजाचं ते पाज."

मी रोज जात होतो. वरच्या फटीतून हवा येत होती, वास गेला होता. मग एका सकाळी पिंजऱ्याकडे गेलो तर पिल्लं लसूणघासावर तुटून पडलेली. पंजे कोरडे. याडी हसत म्हणाल्या, "आता चारा पुरत नाही जी यायले!" नोकरीत अडलेल्या म्हशी सोडवल्या, बैल उभे केले, पण त्या सकाळी जी छाती फुगली तशी कधी फुगली नव्हती. साहेबांची टोलवाटोलवी, तांड्याचे टोमणे, सगळं सोसून मी बरोबर औषधावर टिकून राहिलो होतो. उपचार सुरू केल्यावर गटाचं एकही पिल्लू गेलं नाही. ती खेप वाढली, विकली गेली आणि याडीचा गट आजही ससे पाळतो.

दत्तूच्या जोडीला त्याच सकाळी हगवण लागली. मी धावलो, सुईनं पोटात सलाईन दिलं, शेक दिला. संध्याकाळपर्यंत दोन्ही ससे गेले.

तेव्हापासून तांड्यात म्हणतात, डॉक्टरची जीभ काळी आहे. मरतील म्हणाला आणि मेले. मीही कधी खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर ती जोडी मेली तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. ते अजून सलतं.

यंदा घाटंजीच्या बाजारात दत्तू भेटला. चहा घेता घेता मी त्याला सगळं सांगितलं. सशाचं पोट, चांगले जंतू, विष, नाक आधी का सुकतं, सगळं. त्यानं बशी खाली ठेवली.

"येवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं, डॉक्टरसाहेब? मी काय इतका बयाड हावो का? पाजलंच नसतं ना मी."

मी पैशांसाठी खिशात हात घातला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

औषध मी बरोबर निवडलं होतं. त्याबद्दल आजही कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पण जनावराच्या मालकाला "नाही" म्हटलं की लगेच "का" तेही सांगावं. दोन मिनिटं लागतात.