पुसलेला निरोप

बेळगावच्या आमच्या दैनिकात एक गृहस्थ महिन्यातून एकदा फॉन्ट टाकायला येत. एका संगणकावर लावलेलं पान दुसऱ्यावर उघडलं की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. म्हणून ते सगळ्या संगणकांवर तेच फॉन्ट टाकत आणि प्रत्येकावर एक ओळ टाइप करून बघत.

त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची कुणीतरी बदललेली आवृत्ती होती. समोरच्यानं पुसलेला निरोपही तिच्यात दिसत राही.

“अण्णा, असल्या अ‍ॅपनं खातं बंद होतं. काढून टाका,” मी म्हणालो.

“कळतंय की. पण निपाणीला दिलेली लेक लिहिती आणि लगेच पुसती. बापाला घोर नको म्हणून.”

तेवढ्यात फोनवर लेकीचा निरोप आला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. “आप्पा, आज लई एकटं वाटाय लागलंय.” मिनिटभरात शेजारी पुसल्याची खूण उमटली. ओळ राहिली.

त्यांनी उरलेला संगणक तपासला आणि लेकीला फोन लावला. “अगं, निपाणीत एका ऑफिसात फॉन्टचं काम निघालंय. येऊ काय जेवायला?”

निपाणीत त्यांचं एकही गिऱ्हाईक नव्हतं. ते मला त्यांनीच सांगितलं होतं. पेनड्राइव्ह खिशात टाकून ते बसस्थानकाकडे निघाले.