तात्यांची तोंडी पायरी

तात्यांकडे गणिताच्या शिकवणीत पेन सगळ्यांत शेवटी उघडायचं. तात्या म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. उदाहरण हिंदी पुस्तकातून वाचायचं, मग ते मराठीत तोंडाने सांगायचं, आणि त्यानंतरच वहीत मांडायचं. देवासातली आमची मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी वाचतात; त्यामुळे या मधल्या पायरीवरूनच निम्मी घरी परतत. माझी रेवती टिकली, कारण तिला इलाज नव्हता. दहावीला गणितात एकवीस गुण पडले होते. आता पूरक परीक्षेत पास, नाहीतर पुन्हा दहावी.

पाच लिटरमध्ये गाडी नव्वद किलोमीटर जाते, तर बारा लिटरमध्ये किती?

"तात्या, इसमें सांगायचं काय? सीधे के काढायचा, भाग दिला की झालं. शाळेतले सगळे भिया लोग तसंच करतात."

"भिया लोग नापासही सीधेच होतात. आधी सांग, काय वाढलं की काय वाढतं?"

"पेट्रोल वाढलं की... दूरी वाढते."

"अंतर. आणि किती पटीने?"

"तेवढ्याच."

"याला म्हणतात समचलन."

मग के, म्हणजे स्थिरांक, काढायची परवानगी मिळाली. अठरा. उत्तर दोनशे सोळा. या एका उदाहरणाला पाऊण तास गेला.

हा वेग पाहून मी सुचवलं, "तात्या, तास दुप्पट करू. गुणही दुप्पट होतील."

"शिकवणी नव्हती तेव्हा किती पडले?"

"एकवीस."

"समचलनात शून्य तासांना शून्य गुण यावे लागतात, साहेब. हे समचलन नव्हे."

आकडेमोडीवर पोट असलेला मी तास वाढवायचं विसरून घरी आलो.

परीक्षेहून रेवती रडत आली. समचलनाचं उदाहरण दिसताच ती सवयीने ते मराठीत सांगू लागली होती, चांगलं खणखणीत. पर्यवेक्षकांना वाटलं, मागच्या मुलीला उत्तर पुरवतेय. "किसको बता रही हो?" म्हणत त्यांनी पेपर काढून घेतला, बऱ्याच वेळाने परत दिला आणि तिला दाराशी एकटीला बसवलं. मी तडक तात्यांकडे गेलो. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मनातल्या मनात सांगायचं, हे मी कधी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाले.

निकालात पस्तीस पडले. पास. त्याच आठवड्यात तात्या मुलाकडे धारला कायमचे राहायला निघाले होते. सामान टेम्पोत चढलं होतं. रेवतीने पेढे पुढे केले, आभार मानायला तोंड उघडलं, आणि तिला निव्वळ मराठीत एकही वाक्य जुळवता येईना. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"हिंदीत सांग बाळ," तात्या म्हणाले, "आज चालेल."