उदगीरच्या आधी शिरूर

मी कमी बोलतो. भाजीत मीठ कमी पडलं तर ते माझ्या तोंडून कळायला आठवडा लागतो, असं घरात म्हणतात. पण मागच्या महिन्यात लातूरच्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीवर, मी माझी सगळ्यात लपवलेली गोष्ट ओरडून सांगितली. हळू सांगायची सोयच नव्हती. ऐकणाऱ्याला ऐकू येत नव्हतं, आणि गोष्ट त्याच्या कानांचीच होती.

तो देवणीचा, मी अर्धापूरचा. हवाई दलात तो विमानांच्या इंजिनांवर होता, मी मेडिकल असिस्टंट. आसामातल्या एका हवाई तळावर आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच. मेडिकलचा म्हणून तो मला 'डाक्टर'च म्हणायचा. संध्याकाळी तो त्याच्या गावच्या बैलांची तारीफ करायचा, मी आमच्याकडच्या केळीची. कुणीच कुणाचं ऐकायचं नाही, तरी बरं वाटायचं.

दरवर्षी प्रत्येकाचं मेडिकल व्हायचं. कानाची तपासणी साधी. माणसानं माझ्याकडे पाठ फिरवून लांब उभं राहायचं, मी कुजबुजलेला शब्द परत म्हणायचा. जमलं नाही की मोठ्या हॉस्पिटलात मशीनवर तपासणी, मग तब्येतीची कॅटेगरी खाली, मग इंजिनांपासून लांब बदली. पुढं नोकरी वाढवून मिळायचीही मारामार. नियम कडक होता, पण माणसाच्या भल्याचा होता.

एका वर्षी मी कुजबुजलो, "खिडकी." तो गप्प. "चमचा." गप्पच. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी जरा जोरातच म्हणालो, "लोहा."

"लोहा."

"माळाकोळी."

"माळाकोळी."

पुढं अहमदपूर, शिरूर, उदगीर, देवणी. सुट्टीत नांदेडला रेल्वेतून उतरल्यावर त्याच्या घरच्या वाटेवर हीच गावं लागायची. पहिलं कानावर पडलं की बाकीची त्याच्या तोंडातून आपोआप यायची. मी लिहिलं, ऐकणं नॉर्मल. डॉक्टरसाहेबांनी माझ्या नोंदीवर भरवसा ठेवून सही केली. पुढची वर्षंही अशीच एसटीनं गेली.

मित्राची नोकरी सांभाळली, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे तो बदलून गेला तर मला करमणार कसं, एवढंच डोक्यात होतं.

निवृत्तीच्या तपासणीत तो डॉक्टरांच्या ओठांकडे बघून उत्तरं देत राहिला. आधीच्या नोंदी चांगल्या, म्हणून पाठ फिरवून उभं न करताच तीही तशीच निघाली. आता डावा कान पार गेलाय, उजवा अर्धा. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला, कारण कागदावर कान ठणठणीत. अपील करायचं तर तेव्हा सोबत असलेल्या माणसाचं लेखी म्हणणं जोडा, असं माजी सैनिकांच्या ऑफिसात सांगितलं. तिथून निघून आम्ही टपरीवर बसलो.

"तू व्हतास की तिथं," तो म्हणाला. "लिहून दे."

"तुझा कान तेव्हाच गेला होता," मी म्हणालो.

"आं?"

"कान. तेव्हाच."

"जोरात बोल गड्या. चोरी केल्यावानी काय बोलायलास?"

मग मी ओरडलो. लोहा, माळाकोळी, खोटी नोंद, सगळं. मला करमणार नव्हतं म्हणून केलं, हेही ओरडलो. शेजारचा कंडक्टर चहाचा ग्लास तसाच हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

त्यानं बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"एका वर्षी मी देवणी म्हणालो आन् मागं वळलो," तो म्हणाला. "तू कवाच पेनाला टोपण लावून बसला व्हतास. मधलं एखादं गाव गाळलं असशील. मी समदी म्हणालो, तरी तू नॉर्मलच लिहिलंस."

गाळलं होतं. शिरूर.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मी विचारलं. ते त्याला ओठांवरून कळलं.

"हाव. मलाबी नोकरी वाढवून पायजे व्हती. पर डाक्टर, कानाचं पुढं काय हुतंय ते तुला ठाव व्हतं. मला न्हाई."

मी पिशवीतून कागद काढला. पेन कंडक्टरनं दिलं, न मागता.

"तुझ्यावर काई येईल का?" त्यानं विचारलं.

"येईलही."

स्टँडातून बाहेर पडणाऱ्या उदगीर गाडीकडे बघत तो म्हणाला, "लिही मंग. आवंदा शिरूर गाळू नको."

मी लिहिलं, सही केली. त्यानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि वाचून झाल्यावर स्वतःची खुर्ची उचलून उजव्या कानाच्या बाजूनं माझ्याजवळ सरकवली.

"आता परत," तो म्हणाला.